मुरली सरांची तुलना

कराटे भारी की कुस्ती, हा प्रश्न पुरुषमाणसं चहाच्या टपरीवर तासन्‌तास चघळतात. मला तो कधी पडला नाही, कारण त्याचं उत्तर रोज माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसतं. बुऱ्हाणपुरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात प्लॅस्टरच्या खोलीत मी तेवीस वर्षं काम करते आहे. हाड डॉक्टर बसवतात. पट्टी मी गुंडाळते, सहा आठवड्यांनी कापतेही मीच, आणि आखडलेला सांधा पुन्हा हलता करण्याचं कामही माझ्याच गळ्यात आहे. कराटेवाले बोटांची पेरं घेऊन येतात. तायक्वांदोवाले पायाचा अंगठा नाहीतर घोटा. ज्युदोवाले गळ्याजवळचं हाड, पैलवान गुडघा, लाठीवाले करंगळी. बॉक्सिंगवाले कमी येतात, त्यांची नाकं दुसऱ्या दवाखान्यात जातात. मला एवढीच तुलना येते आणि ती पुरते.

मुरली सरांना ती पुरत नव्हती.

त्यांचं झेरॉक्सचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दिवसभर आधारकार्डं आणि जमिनीच्या खसऱ्याच्या नकला, आणि संध्याकाळी दुकान बायकोवर सोडून वरच्या गच्चीत मारामारीचा क्लास. पन्नाशीला टेकलेले, अंगाने सडपातळ, केस काळेभोर केलेले. चालताना दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब ठेवायचे, जणू काखेत गळू झालंय. बसायला खुर्ची दिली तर आधी पाठीमागे भिंत आहे का ते बघायचे. हॉटेलात गेले की दाराकडे तोंड करूनच बसायचे. त्यांच्यावर कोण हल्ला करणार होतं, हे मला कधी कळलं नाही. त्यांचे सगळे शत्रू नकला काढायला यायचे आणि रांगेत उभे राहायचे.

पहिल्यांदा ते माझ्या खोलीत आले ते एका अकरावीतल्या मुलीला घेऊन. वैशाली तिचं नाव. तिच्या उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि ती हुंदके देत होती. सरांनी गच्चीवर कौलं फोडायला लावली होती.

"ताई, तिला आधी एक विचारू द्या," ते मला म्हणाले. "वैशाली, मूठ लागली तेव्हा मनगट सरळ होतं का?"

"माहीत नाही, सर."

"हेच. मनगट सरळ असतं तर कौल फुटलं असतं. यात कराटेचा दोष नाही."

"फुटलं नाही का मग?" मी विचारलं.

"दोन फुटली. हे तिसरं होतं."

"तीन कौलांत एक हात गेला," मी म्हटलं. "म्हणजे कौल जिंकलं."

ते हसले नाहीत. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की कौल उलटा मार करत नाही, त्यामुळे ती तुलना धरता येणार नाही. मी पट्टी भिजवत होते, पोरगी ओठ चावत होती, आणि हे गृहस्थ टेबलाला टेकून सांगत होते की खरा प्रश्न अंतराचा असतो. हातभर अंतरावर कराटे. पायभर अंतरावर तायक्वांदो. समोरच्याने कॉलर धरली की ज्युदो. खाली पाडलं की जिउजित्सू. ते बोटांवर मोजत होते. मुलीची बोटं माझ्या हातात होती आणि त्यातली दोन मोजता येण्याजोगी राहिली नव्हती.

क्लासचा फलक दर दीड-दोन वर्षांनी बदलायचा. आधी कराटे होतं. मग तायक्वांदो आलं, कारण कराटेत पायांचा वापर कमी आहे, असं त्यांना कळलं. मग ज्युदो, मग बॉक्सिंग, मग थायलंडची कोपर-गुडघ्यांची मारामारी, आणि शेवटी ब्राझीलची जमिनीवर लोळायची जिउजित्सू. हे सगळं त्यांना फोनवर कळायचं. फोनमध्ये एक माणूस दुसऱ्याला हरवायचा आणि गल्लीतला फलक बदलायचा. जुन्या शैलीवर मग ते असे बोलायचे, की जणू तिने त्यांना फसवून घरातून काही नेलं होतं. "कराटे म्हणजे नाच आहे, ताई," असं ज्या वर्षी म्हणाले, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी कराटेचा काळा पट्टा कमरेला बांधून आमच्या डॉक्टरांना दिवाळीचा फराळ आणून दिला होता.

पट्टे सुनंदा घरीच रंगवायची. सुनंदा म्हणजे त्यांची बायको, गल्लीतलं सगळ्यात शहाणं माणूस. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा हिरवा. ती मला म्हणाली, "माझ्या घरात एक बादली धड रंगाची राहिली नाही. आणि झुरळ निघालं की हाक मलाच." प्रमाणपत्रं तर दुकानातच छापली जायची, चांगल्या जाड कागदावर. त्यात नाव घालायची जागा मोकळी असायची आणि शैलीचीही.

एकदा भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यांच्या स्कूटरला एका रिक्षावाल्याने मागून हलकेच टेकवलं. मी तिथेच मेथी निवडत होते. रिक्षावाला खाली उतरून शिव्या द्यायला लागला. सर स्कूटर स्टँडला लावून समोर उभे राहिले, एक पाय पुढे, एक मागे, हात उघडे. आणि त्याला सांगायला लागले, "भाऊ, तुझं सगळं वजन डाव्या पायावर आहे. तुला कळतंय का, मी आत्ता काय करू शकतो?"

रिक्षावाल्याने त्यांच्या कानाखाली एक दिली आणि रिक्षात बसून निघून गेला.

सर माझ्याकडे वळले. कान लाल झाला होता. मला वाटलं, शरमेने काही बोलणार नाहीत. ते म्हणाले, "ताई, ही चापट कुठल्याच शैलीत बसत नाही. खांदा हललाच नाही त्याचा. तुम्ही बघितलंत ना?" मी म्हटलं, मी मेथी बघत होते. पुढे आठ दिवस ते गच्चीवर मुलांना त्या चापटीपासून बचाव शिकवत होते.

इथपर्यंत हे सगळं हसण्यावारी जात होतं. माणूस बडबड्या, क्लास फुसका, हाडं पोरांची. पोरांची हाडं जुळतात. मी पालकांना सांगायचे, पोहायला घाला. काही घालायचे.

मग नागपंचमी आली. आमच्याकडे नागपंचमीला कुस्त्यांची दंगल होते. दवाखान्यापासून तीन गल्ल्या सोडून एक जुना आखाडा आहे, नथू उस्तादांचा. उस्ताद सत्तरीचे, मान खांद्यात गेलेली, बोलणं कमी. दंगलीची पत्रकं छापायला ते मुरली सरांकडे आले, तेव्हा मी आमच्या दवाखान्याचे फॉर्म काढायला तिथे उभी होते.

सरांनी पत्रक वाचलं आणि मशीन बंद केलं. "उस्ताद, एक बोलू? कुस्ती आता जुनी झाली. तुमच्यात ठोसा नाही, लाथ नाही. रस्त्यावर तुमचा पैलवान दोन मिनिटं टिकणार नाही."

"हमारा पैलवान रस्त्यावर कशाला जाईल?" उस्ताद म्हणाले. "तो तर मंडीत जातो, केळं लादायला."

"तसं नाही. तुलना म्हणून सांगतो."

"तुलना करायची तर या ना, सर. मिट्टी तयार आहे. दोन मिनिट, दोस्तीत. लाथ-ठोसा नाही. तुमचं ते कॉलर-बिलर जे असेल ते करा."

सुनंदाने आतून मान हलवून नाही म्हणून खूण केली. सरांनी ती पाहिली आणि हो म्हणाले.

त्यांच्यासमोर उतरणार होता भगवान. तुकईथडचा मुलगा, चोवीस वर्षांचा, मंडीत ट्रकवर केळीचे घड चढवायचा आणि पहाटे-संध्याकाळ आखाड्यात असायचा. खकनार भागातल्या दंगलींत त्याचं नाव झालं होतं. मी त्याला ओळखत होते, कारण दोनदा गुडघा घेऊन आला होता आणि दोन्ही वेळा माझं सगळं ऐकलं होतं. असे रुग्ण लक्षात राहतात.

दंगलीला आमच्या दवाखान्याचं प्रथमोपचाराचं टेबल असतं, त्यामुळे मी मातीपासून दहा पावलांवर होते. आखाड्याची माती साधी नसते. तेल, हळद, ताक घालून वर्षभर खणून खणून ती मऊ केलेली असते. आणि कुस्ती लागण्याआधी एक रीत असते, जी या गावात शाळेत न गेलेल्यालाही माहीत आहे. पैलवान खाली वाकतो, मूठभर माती उचलतो आणि समोरच्याच्या हातात देतो. समोरचा ती कपाळाला लावतो. मग हात मिळतात, मग कुस्ती.

सर पांढऱ्या कपड्यांत काळा पट्टा बांधून उतरले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. भगवान लंगोटावर होता, हसत होता, जरा लाजतही होता, कारण सर वयाने मोठे. तो वाकला. त्याने माती उचलली. उजवा हात पुढे केला.

सर आपल्या क्लासात पहिला धडा कायम हा द्यायचे, की समोरच्याच्या हातात काय आहे ते बघा, रस्त्यावरचा माणूस डोळ्यांत माती फेकतो. त्यांनी भगवानच्या हातात माती बघितली. त्यांनी ते मनगट दोन्ही हातांनी धरलं, अंगठा उलटा मुरगळला आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. फोनमध्ये जसं दाखवतात अगदी तसं. त्यांच्या आयुष्यात बरोबर जमलेला तो एकच डाव असावा.

आवाज मला टेबलापर्यंत आला. तो आवाज मला ओळखता येतो.

भगवान ओरडला नाही. गुडघ्यांवर बसला आणि हाताकडे बघत राहिला. माती त्याच्या मुठीतून सांडत होती. सर दोन पावलं मागे होऊन पुन्हा पवित्र्यात उभे राहिले, पुढच्या हल्ल्याची वाट बघत. चारशे-पाचशे माणसांत एक शिट्टी वाजली नाही.

"सर," उस्ताद म्हणाले, "तो तुम्हाला मिट्टी देत होता."

थायलंडमध्ये लढतीआधी कोणता नाच करतात, जपानात किती अंशांत वाकतात, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. तीन गल्ल्यांपलीकडे काय करतात हे माहीत नव्हतं. जन्म इथला, शाळा इथली, आणि आखाड्यात पाय कधी टाकला नाही, कारण तिथे लोक मातीत लोळतात.

लोक त्यांना मारायला धावले होते. उस्तादांनी थांबवलं. दुसऱ्या दिवशी आखाड्यातल्या चार मोठ्या माणसांना बसवून त्यांनी निकाल दिला. भगवान रोज पहाटे माती खणायचा, ती त्याची पाळी होती. त्याचा हात चांगला होईपर्यंत ती पाळी सरांनी करायची. पोलीस नाही, दुसरं काही नाही. सरांनी मान्य केलं. मान्य नसतं केलं तर गल्लीत दुकान उघडता आलं नसतं.

अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी तार घालून बसवलं आणि मी प्लॅस्टर केलं. पट्टी वाळेपर्यंत भगवान एकच बोलला. "दीदी, पुढच्या नागपंचमीला माझी मोहनशी जोड ठरली आहे. डोईफोडियाचा मोहन. मैने उसको दो बार पाडलंय. हात तोपर्यंत यायला पाहिजे."

"येईल की नाही ते तीन महिन्यांनी सांगेन," मी म्हटलं. खोटं सांगायची मला सवय नाही. अंगठा नसेल तर पकड नाही, आणि पकड नसेल तर कुस्ती नाही. घडही उचलता येत नाही. ते त्याला माझ्याहून जास्त कळत होतं.

सर माती खणायला लागले. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले ते दोन्ही तळव्यांवर फोड घेऊन. मी मलम लावलं आणि मला बरं वाटलं, हे लपवून काय करायचं. त्यांना वाटलं मी ऐकते आहे, म्हणून ते सांगायला लागले. "फावडं मारताना जोर कमरेतून येतो, ताई. ज्युदोची फेक तशीच असते. कुस्तीवाल्यांना हे माहीत आहे, पण त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही."

"त्यांना खणायचं असतं," मी म्हटलं. "लिहायचं नसतं."

प्लॅस्टर निघाल्यावर भगवान रोज दुपारी मंडीतून माझ्याकडे यायचा. ओला कपडा पिळायचा, कणकेचा गोळा दाबायचा, चिमटीत पोस्टकार्ड धरायचं आणि मी ओढायचं. पहिले पंधरा दिवस कार्ड प्रत्येक वेळी निसटून माझ्या हातात आलं. मंडीत त्याचे साथीदार त्याच्या वाट्याचे घड चढवत होते, तो नुसती मोजदाद करायचा आणि ते त्याला आवडत नव्हतं.

आणि बाहेरच्या बाकावर मुरली सर. रोज. कोणी सांगितलं नव्हतं. माझा दरवाजा उघडा दिसला की फोन पुढे करून आत यायचे. "ताई, रशियात वाळूच्या बादलीत मूठ उघड-मीट करतात." "ताई, जपानात मातीने भरलेली बरणी नुसत्या बोटांनी काठाला धरून चालतात." भगवान गोळा दाबत खालमानेने ऐकायचा. एकदा म्हणाला, "सर, तुमच्याकडे एवढी ताकद बोलण्यात आहे, त्यातली थोडी अंगठ्यात टाका ना."

मी सरांना बाहेर बसवायचे. ते बसायचे. आत बोललेलं त्यांना ऐकू येऊ नये म्हणून मी दार लावायचे, तर ते खिडकीशी यायचे.

दिवाळीनंतर एकदा भगवान गेल्यावर ते थांबले. "खरं सांगा, हात येईल का?"

"हाड जुळलंय. अंगठ्याचा जोर किती येईल ते माहीत नाही."

"साधारण?"

"साधारण असं काही नसतं. मोहनला धरून ठेवता आलं तर आला. नाही तर नाही."

ते आपलाच अंगठा उघड-मीट करत बसले. मी कात्री पुसून ठेवली, टेबल पुसलं, तरी तेच चालू. मला वाटलं, चला, काहीतरी आत शिरलं. मग म्हणाले, "जिउजित्सूमध्ये मात्र पकड अंगठ्याशिवायच असते. चार बोटांचा आकडा करतात. भगवानला ते शिकवता येईल."

मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. सहा शैलींतली एकही त्यांनी वापरली नाही.

एक मात्र खरं, त्यांनी माती सोडली नाही. उस्तादांनी फाल्गुनातच सांगितलं होतं, बस झालं, सर. तरी पहाटे फावडं घेऊन जायचे. आखाड्यातली पोरं आधी थट्टा करायची, मग त्यांच्या नजरेला ते दिसेनासे झाले, नळ किंवा खांब दिसेनासा होतो तसे. गच्चीवरचा फलक उन्हाळ्यात उतरला. पुढचा लागला नाही. सुनंदाने बादल्या नव्या घेतल्या. लोक म्हणायला लागले की सरांना पश्चात्ताप झाला. असेल. पण पश्चात्तापही ते मोठ्याने करायचे. कोणीही नकला काढायला आलं, की मशीन चालू असताना त्याला सांगायचे, त्या दिवशी त्यांची चूक अंतराच्या अंदाजात कशी झाली. अंतराच्या. मातीचं नाव नाही.

दुसऱ्या नागपंचमीला माझं टेबल पुन्हा तिथेच होतं. भगवान मोहनसमोर उतरला. माती दिली, माती घेतली. पहिली पाच मिनिटं त्याचीच होती. मोहन खाली गेला होता, भगवान त्याच्या पाठीवर होता, आणि उजव्या हाताने त्याने मोहनचं मनगट धरलं होतं. तेवढं धरून ठेवलं असतं तर कुस्ती त्याची होती. मी त्या अंगठ्याकडे बघत होते. नखाजवळ पांढरा पडला, मग थरथरला. मोहनने हात ओढला आणि तो कार्डासारखा निसटला. पुढचं फार लवकर झालं. भगवानची पाठ मातीला लागली.

मोहनने त्याला उठवलं, दोघांनी गळाभेट घेतली. लोकांनी भगवानसाठीही टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या कशा असतात ते हरलेल्यालाच कळतं. तो मातीबाहेर आला तो सरळ माझ्या टेबलाकडे. हात पुढे केला नाही. मीही बघायला मागितला नाही. एवढंच म्हणाला, "दीदी, इतनाच आला."

"हो," मी म्हटलं.

कठड्याशी मुरली सर उभे होते. हातात भगवानचे कपडे आणि पाण्याचा तांब्या. त्या दिवशी ते साध्या शर्टात होते. केसांना काळं लावलेलं नव्हतं, त्यामुळे वय दिसत होतं. भगवानने तांब्या घेतला, चूळ भरली आणि पोरं भोवती होती म्हणून असेल, हसत विचारलं, "बोला, सर. कुणाची स्टाईल भारी?"

पोरं हसायच्या तयारीत होती. मी कापसाची पिशवी बांधत होते, तरी थांबले. मला वाटलं, एवढ्या एका वेळी तरी हा माणूस मान खाली घालेल.

सरांनी घसा साफ केला. "मोहनने मनगट काढलं ते अंगठ्याच्या बाजूने काढलं," ते म्हणाले. "कुठल्याही शैलीत पकड तिथेच कच्ची असते. तू जर कोपर आधी..."

भगवानने उजवा तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला. मारला नाही, दाबलाही नाही. दाबण्याइतका जोर त्या हातात नव्हताच. तळव्यावरची माती त्यांच्या ओठांना लागली.

मनगट धरून हात बाजूला करणं सरांना येत होतं. नको तेवढं येत होतं. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. ते अंगाला चिकटून राहिले. पुढच्या जोडीची हलगी वाजायला लागली, पोरं तिकडे वळली, भगवानही दुसऱ्या हाताने पाणी पीत मातीकडे बघत होता, आणि सर तसेच उभे होते, तोंडावर तो हात, डोळे उघडे, तो कधी काढायचा ते त्याच्यावर सोडून.